हवा कमी कर

१० जानेवारी

ती. मामांस सा. न.,

थोरली पोचली! काल दुपारी ट्रकवरून उतरवली आणि दवाखान्यासमोर अशी ऐटीत उभी राहिली की आमचे कंपाउंडरकाका हातातलं इंजेक्शन तसंच धरून बाहेर आले. ज्या गाईला ते द्यायचं होतं ती तेवढ्यात पसार झाली. अठ्ठावीस वर्षं तुमच्या अंगणात राहिलेली जीप, तुमच्या दोन्ही मुलांच्या आधी घरात आली म्हणून थोरली, आणि आता ती माझी! सकाळपासून चार वेळा नुसती बाहेर जाऊन बघून आले.

ती का हवी होती ते सविस्तर लिहिते, कारण फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनानं भरता. नदीपलीकडच्या पठारावर चौदा घरं आहेत, दीडएकशे गाई, आणि मेंढ्यांचं तर विचारूच नका. मधे नदीचं कोरडं पात्र, अर्धा मैल नुसती वाळू, त्यापुढे दगडांचा चढ. खात्याची गाडी वाळूच्या अलीकडेच थांबते. माझ्या आधीचे डॉक्टर पाच वर्षांत दोनदा वर गेले. आता साहेबांनी स्पष्ट सांगितलं आहे की एप्रिलअखेरपर्यंत पठाराची आठवड्याची फेरी सुरू झाली नाही, तर पठार आमच्या यादीतून कायमचं काढून टाकणार.

मागच्या महिन्यात तिथली एक बाई आठ मैल चालत आली होती. तिची गाय अडली होती. मी चालत वर पोचेपर्यंत गाय आणि वासरू दोन्ही गेली होती. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, उलट बसायला दिलं, पाणी दिलं. मामा, ते मला फार लागलं. गुरांची डॉक्टर म्हणवून घ्यायची लाज वाटली.

म्हणून मला शिकायचंच आहे. डांबरी रस्त्यावर मी बरी चालवते, त्यापलीकडे शून्य. तुम्ही तीस वर्षं सर्वेक्षण खात्याची गाडी रस्ता नसलेल्या ठिकाणी चालवलीत. पत्रातून शिकवाल का? मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो आता गिअर टाकून वाढवावा.

तुमची भाची,
भिंगरी


२० जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मामीनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि माझ्या कानांबद्दलचं वाक्य दोनदा वाचलं. गाडी दिली त्यात उपकार काही नाहीत. अंगणात जागा अडत होती. मामीला तिथे फुलझाडं लावायची आहेत.

आता शिकवणी. मोठ्या गिअरच्या शेजारी छोटा दांडा आहे, तो चारही चाकांना जोर देतो. पण पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक खटका आहे. खाली उतरून ते दोन्ही खटके हातानं फिरवल्याशिवाय पुढची चाकं ओढत नाहीत, मग तू आत बसून दांडा कितीही पुढेमागे कर. दुसरं, जिथून गाडी न्यायची तिथून आधी स्वतः चालत जा. तुझ्या पायाला जे कळतं ते डोळ्यांना कळत नाही. तिसरं, स्टिअरिंग धरताना अंगठे आत घालायचे नाहीत. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा मोडतं. माझा डावा अंगठा वाकडा का, असं तू लहानपणी विचारायचीस. मी सांगायचो की तुझ्यासारख्या भाचीनं चावला. खरं कारण हे.

उतारावर सगळ्यात खालचा गिअर टाक आणि ब्रेकवरचा पाय काढून घे. इंजिनच गाडी धरून ठेवतं. पहिल्यांदा तोंडचं पाणी पळेल. पळू दे, पाय मात्र ब्रेकवर जाऊ देऊ नकोस.

बाकी गाडी आहे तशी बरी आहे. तिला उगाच नटवू नकोस. जपून राहा, पण फार जपून चालवू नकोस.

मामा


५ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.,

मला येतंय! गावामागे दगडाची एक बंद पडलेली खाण आहे, तिथे दर रविवारी जाते. पहिल्या रविवारी गाडी एका फूटभर चढावर चढेना. मागची चाकं गरगर फिरताहेत, पुढची ढिम्म. मी थोरलीला नाही नाही ते बोलले. शेवटी कंपाउंडरकाकांनी खाली वाकून पाहिलं आणि मला विचारलं की मामांनी खटके दोन सांगितले होते की एक. मी फक्त उजवीकडचा फिरवला होता.

दुसऱ्या रविवारी उतार. वरून पाहिलं तर बॉनेटपुढे जमीनच नाही, नुसतं आकाश. खालचा गिअर टाकला, पाय ब्रेकवरून काढला आणि थोरली गुरगुरत एकेक पाऊल टाकत उतरली, मामा, खरंच पाऊल टाकत! खाली आल्यावर मी इतक्या मोठ्यानं ओरडले की काकांना वाटलं काहीतरी मोडलं. मग पुन्हा वर गेले आणि पुन्हा उतरले. सहा वेळा.

आणि तुमचं न ऐकता तिला नटवलंही आहे. कोपऱ्यावरचा वेल्डर फार कसबी आहे. तोंडावरचा मुखवटा वर केल्याशिवाय त्याला बोलता येत नाही, म्हणून तो बोलतच नाही. त्यानं स्प्रिंगचे नवे पाटे बसवून गाडी चार इंच उंच केली. पुढे लोखंडाचा जाडजूड बंपर लावला, टपावर सहा दिवे. बॅटरीवर चालणारा हवा भरायचा पंपही घेतला. आता मी कुठूनही गेले की लोक वळून बघतात. गावात माझ्याइतकी भारी गाडी कुणाची नाही आणि माझ्यासारखं उतरून दाखवणारंही कुणी नाही. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

भिंगरी


१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

टपावर सहा दिवे कशाला? गुरं तपासायची आहेत की पठारावर नाटक करायचं आहे? बंपर काढ. पुढे एवढं वजन लादलंस तर नाक आधी वाळूत जाईल आणि मग बाकीची गाडी त्याच्यामागे. त्याऐवजी पुढे-मागे एकेक मजबूत हूक लाव, ओढायला चांगला पट्टा घे आणि पोटाखाली जाड पत्रा ठोकून घे. जे लोकांना दिसत नाही ते आधी करायचं.

उतरलीस ते छान केलंस. मामीला दोनदा वाचायला लावलं, कान ठीक असूनही. पण लोक वळून बघतात वगैरे वाचून सांगावंसं वाटतं की डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस. खाणीतला दगड जागचा हलत नाही. वाळू हलते.

गाडी चार इंच उंच केलीस तिथे मी मामीला वाचायचं थांबवलं. मामीनं काय झालं विचारलं. काही नाही म्हटलं. बरोबरच आहे, दगडांच्या चढाला उंची लागते. पत्र पाठवत जा, तेवढाच इथे रविवार येतो.

मामा


२६ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.,

घाईत लिहिते. बंपर काढला. वेल्डरनं पहिल्यांदाच मुखवटा वर करून विचारलं की मग बसवला कशाला होता. हूक लावले, पत्रा ठोकला. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी वाळूत उतरणार! काही सांगायचं राहिलं असेल तर लगेच कळवा. झोप उडाली आहे, पण आनंदानं.

भिंगरी


३ मार्च (पोस्टकार्ड)

चि. भिंगरी,
वाळूत उतरण्याआधी हवा कमी कर. बाकी सगळं तुला येतं.
मामा


९ मार्च

ती. मामांस नमस्कार.

तुमचं कार्ड शनिवारी मिळालं. नऊ दिवस मी वाट बघत होते आणि तुम्ही मला दोन ओळींत जागा दाखवून दिलीत. एकदा टोमणा मारलात, तो मी हसून घेतला. बंपर काढला, दिवेही दोनच ठेवले. तरी तुमचं आपलं तेच, हवा कमी कर. मामा, मी हवेत नव्हते. मी घाबरले होते. माझ्या घाबरण्यालाच मी जरा मोठ्या आवाजात आनंद म्हणत होते, एवढंच.

तर ऐका काय झालं ते. रागारागात नवा पंप काढला आणि कुठे तरी कमी पडायला नको म्हणून चारही चाकं टम्म फुगवली. वाळूत पन्नास पावलं गेले असेन. मग गाडी जड झाली, मी जोर दिला, चाकं जागच्या जागी फिरली आणि थोरली पोटापर्यंत रुतून बसली. खटके दोन्ही फिरवले होते. गिअर बरोबर होता. अंगठे बाहेर होते. सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं.

मी आणि कंपाउंडरकाका भर उन्हात चार तास खणत होतो. शेवटी पठारावरून दोन बैलजोड्या आल्या आणि त्यांनी आम्हाला मागे ओढून काढलं. जोड्या कुणी आणल्या माहीत आहे? त्याच बाईनं, जिची गाय गेली. जिच्यासाठी जायचं तिलाच माझी गाडी ओढायला यावं लागलं. तिनं बैलांना थोपटलं आणि परत गेली.

तुमचं म्हणणं खरं ठरलं, हवा गेली एकदाची. आता पुढे काय करायचं ते मला कळत नाही. साहेबांना नाही जमत म्हणून कळवून टाकावं असं वाटतं आहे.

भिंगरी


१३ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद, आणि एक सणसणीत शब्द जो मामी लिहू देत नाही.

अगं वेडे, चाकांतली! चाकांतली हवा कमी कर!

पत्र वाचून मी डोक्याला हात लावला. मामी आधी पोट धरून हसली आणि मग तिनं मला फैलावर घेतलं. ती म्हणते, दोष तुझा नाही. खात्यात आम्ही तळावर निरोप पाठवायचो तो शब्द मोजून. तिथे हवा म्हटलं की चाकांचीच, दुसरी कसली असणार? ती सवय जात नाही. एक शब्द वाचवला आणि माझ्या भाचीला चार तास उन्हात खणायला लावलं. माफ कर.

आता ऐक. टाचेचे बूट घालून वाळूत चालून बघ आणि मग अनवाणी चालून बघ. टाच रुतते, तळवा रुतत नाही. चाकाचंही तसंच. हवा पस्तीस पौंड असेल तर अठरावर आण. चाक खाली पसरतं आणि वाळूवर तरंगतं. सुरुवात हळू, दुसरा गिअर, मधे थांबायचं नाही, झटक्यानं वळायचं नाही, आणि रुततेय असं वाटलं की जोर द्यायचा नाही, पाय उचलायचा. पलीकडे गेलीस की तुझ्या त्या पंपानं हवा परत भर. बघ, पंप घेतलास तो अगदी कामाचा घेतलास, मी उगाच नटवणं म्हटलं.

घाबरली होतीस हे मला ओळखता यायला हवं होतं. मीसुद्धा घाबरलो की फार विनोद करायचो. साहेबांना काहीही कळवू नकोस. हवा कमी कर आणि जा.

मामा


२८ मार्च

ती. मामांस सा. न. सा. न. सा. न.!

गेले! गेले, गेले, गेले!

१९ तारखेला वाळूच्या काठावर थांबले, चारही चाकांची हवा सोडली. ती फुस्स ऐकताना हसू आवरेना. खटके दोन, मोजून दोन. दुसरा गिअर. वाळूत शिरल्यावर स्टिअरिंग हलकं झालं, गाडी डावी-उजवीकडे डुलायला लागली आणि जिथे रुतलो होतो तो खड्डा खिडकीतून मागे गेला. मधे एकदा इंजिनचा आवाज पडला. पायाला जोर द्यायची भयंकर इच्छा झाली. तुमचं वाक्य आठवलं आणि पाय उचलला. थोरलीनं एक श्वास घेतल्यासारखं केलं आणि चालत राहिली. पलीकडे टायर दगडाला लागल्याचा खट्ट असा आवाज आला ना, मामा, त्याच्याइतका गोड आवाज मी ऐकलेला नाही. दगडांचा चढ आधी चालत बघून आले आणि मग एकदाही न थांबता चढले. कंपाउंडरकाकांनी डोळे उघडले ते थेट पठारावर.

आणि योग बघा, त्याच बाईची दुसरी गाय व्यायला झाली होती आणि वासराचा एक पाय मागे अडकला होता. खांद्यापर्यंत हात घालून पाय सरळ केला. पाऊण तास लागला. वासरू पडलं आणि शिंकलं! बाई हसली, मग एकदम रडायला लागली आणि तिच्याबरोबर मीही.

आता काळजीचं. २६ तारखेला साहेब स्वतः गाडीत बसून आले. मी हवा सोडायला लागले तर चाक पंक्चर झालं म्हणून आरडाओरडा करून खाली उतरले. वर पोचल्यावर खूश झाले, पण एक अट घातली. वाटेत काही झालं तर काय, असं त्यांचं म्हणणं. पहिले तीन महिने शेजारी अशी वाट माहीत असलेलं, मुरलेलं माणूस बसलेलं हवं, आणि त्याचं नाव एप्रिलअखेरच्या आत कागदावर हवं. नाहीतर फेरी नाही. कंपाउंडरकाका शेजारी बसतात, पण डोळे मिटून.

मला असं एकच माणूस माहीत आहे. मामा, याल? तीन महिने मामीला घेऊन माझ्याकडे राहा. मागची खोली उजेडाची आहे. लवकर कळवा, आणि या वेळी शब्द वाचवू नका.

तुमची,
भिंगरी


५ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं, मामीला मागितलं तरी दिलं नाही. वासरू शिंकलं तिथे थांबलो आणि बाहेर जाऊन आलो.

येणं जमणार नाही. शब्द वाचवू नका म्हणालीस, म्हणून कारण लिहितो. गाडी जागा अडवते म्हणून दिली नाही. डावा गुडघा गेला आहे. मागच्या वर्षी एका सकाळी थोरली पुसून आत बसलो आणि क्लच दाबला, तर पाय खाली जाईना. ठीक आहे म्हटलं, उतरावं. उतरताही येईना. अर्धा तास स्टिअरिंग धरून बसलो होतो. शेवटी मामीनं शेजाऱ्याला बोलावलं, दोघांनी खुर्ची लावून मला खाली घेतलं. तीस वर्षं ज्यानं दऱ्याखोऱ्यांतून गाड्या काढल्या त्याला अंगणात गाडीतून काढावं लागलं. मला फार लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी तुला द्यायचं ठरवलं. हवा मोजायची पितळी नळी तेवढी दिली नाही, ती खिशात असते.

आता तू तिला चार इंच आणखी उंच केली आहेस, आणि केलंस ते योग्यच केलंस. पण तुझ्या साहेबांसमोर मला दोघांनी उचलून सामानासारखं आत ठेवलेलं मला सोसायचं नाही. दुसरं कुणी शोध. रागावू नकोस.

मामा


१३ एप्रिल

ती. मामांस सा. न.,

रागावले नाही. दोन दिवस वाईट वाटलं, तिसऱ्या दिवशी वेल्डरकडे गेले.

थोरलीत शेवटचा बदल केला आहे. उंच मी केली, तेव्हा खाली आणायचं कामही माझंच. शेजारच्या सीटच्या बाजूला दोन पायऱ्या बसवल्या, पहिली जमिनीपासून नऊ इंचांवर, दुसरी अठरावर. दगडाला लागू नयेत म्हणून त्या वर दुमडतात आणि खिळीनं अडकतात, म्हणजे वाटेत कुणाला दिसतही नाहीत. दाराच्या कडेला धरायला आडवी नळी आहे, गाय तपासताना तिला अडकवतात त्या खोड्याची, पाचशे किलोच्या गाईनं हिसके दिलेली आहे, तुम्हालाही पुरेल. कंपाउंडरकाका बासष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांचा गुडघा बोलतो. त्यांना अकरा वेळा चढवलं-उतरवलं. बाराव्यांदा त्यांनी चहा मागितला. उजवा पाय आधी, मग नळी धरून डावा, गुडघा फारसा वाकवावा लागत नाही.

क्लच माझा. तुमचे डोळे हवे आहेत, आणि ती पितळी नळी. वेल्डरनं मुखवटा वर करून निरोप दिला आहे की हे काम त्यानं आजवर केलेल्या कामांत सगळ्यात चांगलं झालं आहे, तेव्हा ज्याच्यासाठी केलं त्यानं येऊन बघावं.

पठारावर मी त्या बाईला तुमचं सांगितलं. तिनं विचारलं की मामा कधी येणार. मी म्हटलं, विचारते.

भिंगरी


१९ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी आलं. मोरीतलं लाकडी स्टूल मामीनं मोजलं, सव्वानऊ इंच भरलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर चढतो-उतरतो. उजवा आधी, मग खिडकीचा गज धरून डावा. पहिल्या दिवशी चार वेळा जमलं, काल वीस. मामी मोजते आणि मधे मधे आकडे गाळते असा मला संशय आहे. बोहारणीला द्यायला काढलेला माझा खात्याचा खाकी कोट तिनं परत आणून इस्त्री करून ठेवला आहे. फुलझाडांना पाणी घालायचं शेजाऱ्यानं कबूल केलं आहे. त्यानंच मला त्या दिवशी खुर्ची लावून उतरवलं होतं, त्याला पायऱ्यांबद्दल मी मुद्दाम दोनदा सांगितलं.

पंचवीस तारखेला दुपारच्या गाडीनं येतो. साहेबांच्या कागदावर माझं नाव घाल, नीट अक्षरात. शेजारी बसल्यावर मी उगाच पाय दाबून ब्रेक लावणार नाही असं वचन देतो, ते पाळलं जाईलच असं नाही. माझं चुकलं तर मोठ्यानं सांग, मला निम्मंच ऐकू येतं.

पितळी नळी खिशात आहे. वाळूच्या काठावर चाकांतली हवा तू कमी कर, अठरावर आली की मी मोजून सांगेन. माझ्या डोक्यात मात्र गुरुवारपासून जी हवा गेली आहे, तिला हात लावू नकोस.

तुझा,
मामा